सलग चार तास

सहा नंबरच्या खाटेवरचे छापखानेवाले आजोबा वॉर्डात येऊन दोन तासही झाले नव्हते, तोवर त्यांच्या मुलाची सिस्टरबद्दल दोनदा तक्रार करून झाली होती. एकदा मशीन फार आवाज करतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिने आवाज कमी केला म्हणून.

सिस्टरला वॉर्डात सगळे पाठीमागे 'फौजदार' म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडतही होतं. पण आज सकाळपासून दात आवळून आवळून तिचा जबडा दुखायला लागला होता. ही माणसं दारातून आत आली तीच भांडत. पुढे स्ट्रेचर, मागे भांडण.

आजोबा सत्तरी ओलांडलेले. चाळीस वर्षांच्या सिगारेटींनी फुप्फुसांची चाळण केलेली. श्वास आत जायचा, पण बाहेर पडायला मागत नसे, आणि त्यामुळे जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला हवा तो रक्तातच साठून राहायचा. त्याची गुंगी चढलेली. नाव विचारलं की डोळे अर्धे उघडत आणि उत्तर येण्याआधीच मिटत. यावर उपाय म्हणजे नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि त्याला जोडलेलं ते मशीन. माणूस श्वास घेईल तेव्हा ते आत हवा लोटतं, सोडेल तेव्हा ढील देतं, म्हणजे छातीचं निम्मं काम स्वतः करतं. घशात नळी घालावी लागत नाही. नळी आजोबांना नकोच होती. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच दुखण्यातून उठल्यावर शुद्धीत असताना त्यांनी तसं लिहून सही केली होती, आणि तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेला होता.

छातीच्या डॉक्टरांनी सकाळी सव्वाआठला मास्क बसवताना सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं होतं. "मास्क सलग चार तास. मध्ये फक्त तोंड पुसायला दोन मिनिटं. तासाने मनगटातलं रक्त तपासू, चार तासांनी पुन्हा. कार्बन डायऑक्साइडचा आकडा आत्ता ब्याऐंशी आहे. उतरला तर पुढे जाऊ. चढला तर याचा उपयोग नाही असं समजायचं, मास्क काढायचा आणि त्यांना त्रास होणार नाही एवढंच बघायचं. शेवटच्या घटकेला माणसाचं तोंड बांधून ठेवणाऱ्यातला मी नाही."

डॉक्टर गेल्यावर आजोबांच्या लेकीने मशीनशेजारच्या पडद्याकडे बोट केलं. "हे ऑक्सिजन नव्वदच का दाखवतंय? शंभर का नाही?"

"त्यांना नव्वदच हवं. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. जास्त दिला की गुंगी वाढते."

"म्हणजे कमी देणं हा उपचार? छान आहे. आमच्या मशीनमध्ये शाई कमी घालून बघू, छपाई चांगली येते का." हे मुलाचं. छापखाना आता तोच बघत असे, आणि बोलणंही तसंच होतं, ठसा उमटवणारं.

खाटेपासून दोन हात लांब आजोबांची बायको उभी होती. दुसरी बायको. लग्नाला बावीस वर्षं झालेली. पहिलीच्या या दोन मुलांनी तिला पहिल्या दिवसापासून 'मावशी' म्हटलं होतं, आणि बावीस वर्षांत त्या शब्दात कधी चिमूटभर साखर घातली नव्हती.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा," लेक म्हणाली. "इथे एकालाच परवानगी आहे."

"मग तुम्ही दोघं कसे?" सिस्टरने विचारलं.

"आम्ही रक्ताचे."

"रक्ताची तपासणी सव्वानऊला आहे, तेव्हा या. आत्ता एकच माणूस, आणि तो खुर्चीवर गप्प बसणारा हवा."

मुलाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण गप्प बसणं त्या दोघांच्या घराण्यातच नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक असावं. पाय आपटत दोघं बाहेर गेली. खुर्चीवर बायको बसली. तिने मांडीवरची पिशवी उगाच उघडली, पुन्हा बंद केली.

तासाने रक्त तपासलं. ब्याऐंशीचे शहात्तर झाले होते. सिस्टरने दहा वाजता मशीन थांबवण्याचं बटण दाबलं, मास्क काढला, आजोबांचं तोंड ओल्या कापसाने पुसलं, नाकाच्या उंचवट्यावर कातडी सोलू नये म्हणून लावलेली पट्टी नीट केली, मास्क पुन्हा बसवला. बायको सगळं टक लावून बघत होती. बघण्याखेरीज तिला दुसरं काही करूच देत नव्हते.

पावणेअकराला नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस रक्त ओकला. मग वॉर्डात दुसरं काही उरलं नाही. दोघी सिस्टर, दोन डॉक्टर, रक्ताच्या पिशव्या, ओरडाआरडा. सिस्टर हात धुऊन तिथून सुटली तेव्हा सव्वाबारा झाले होते. तिने लांबूनच सहा नंबरकडे पाहिलं. मास्क जागेवर, मशीन चालू, बायको खुर्चीवर मान खाली घालून बसलेली. रक्त घ्यायला माणूस साडेबाराला येणार होता, आणि चार्टवर अकराचं आणि बाराचं घर कोरं होतं.

वॉर्डात याला 'खाली ओढणं' म्हणत. वरच्या घरात जे लिहिलंय तेच थोडं इकडंतिकडं करून खालच्या घरात ओढायचं. सगळ्याच ओढत, चार हात लागतील एवढं काम दोन हातांनी करणाऱ्या बाईने दुसरं काय करावं? सिस्टरने पेन उघडलं. अकरा वाजता: श्वास सव्वीस, ऑक्सिजन नव्वद, मास्क सलग. बारा वाजता: श्वास पंचवीस, ऑक्सिजन एक्क्याण्णव, मास्क सलग. खाली सही. अर्धं मिनिटही लागलं नाही.

एक वाजता अहवाल आला. सत्त्याऐंशी.

डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मुलगा आणि लेक एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. आजोबा मास्कखाली गुंगलेले, छाती भराभर वरखाली होत होती. डॉक्टरांनी चार्टवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "चार तास सलग मास्क होता. तरी आकडा सकाळपेक्षा वर गेलाय. शरीर साथ देत नाही. सकाळी बोललो तसंच करावं लागेल."

"म्हणजे मारायचं," मुलगा म्हणाला. "सरळ शब्द वापरा ना. नळी का घालत नाही?"

"त्यांनी नको म्हटलंय. सही आहे."

"सही कोणी करून घेतली ते आम्हाला माहीत आहे." त्याने बायकोकडे पाहिलंही नाही, बोट मात्र बरोबर तिच्याकडे होतं.

"बावीस वर्षं यांना सुटका हवी होती," लेक म्हणाली. "मिळाली. पेढे वाटा, मावशी."

बायकोने पिशवी पोटाशी धरली.

"सिस्टर, मास्क काढा," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर उशाशी गेली. पट्ट्याला हात घातला आणि थांबली. मास्कच्या डाव्या पट्ट्याचं टोक ती नेहमी बाहेर मोकळं सोडत असे, घाईत चटकन ओढता यावं म्हणून. आता दोन्ही टोकं आत खोचलेली होती. मास्क जरा वर केला तर नाकावरची पट्टी तिरकी, अर्धी सुटलेली, आणि गालावर दोन रेषा. एक पट्ट्याखालची, ताजी. दुसरी त्याच्या बोटभर खाली, आता बुजत चाललेली. मास्क निघाला होता. निघाला होता, बराच वेळ निघाला होता, आणि कुणीतरी परत बसवला होता.

तिने मास्क होता तसा दाबून बसवला. "सर, दोन मिनिटं. काकू, त्यांचे कपडे तुमच्याकडे द्यायचेत, या जरा."

चादरींच्या खोलीत दार लोटल्यावर सिस्टर फौजदारासारखीच बोलली. "मास्क कोणी काढला?"

बायको भिंतीला टेकली. "जागे झाले हो ते."

"कधी?"

"अकराच्या सुमारास. डोळे उघडले आणि मला ओळखलं. हाक मारली, मास्कच्या आतून. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. त्यांचा नेम असतो, रोज अकराला स्तोत्र म्हणायचा. म्हणून झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत. पस्तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. मास्क घालून कसं म्हणणार? मी बटण दाबलं. तुम्ही तोंड पुसताना दाबलंत ना, तेच."

"किती वेळ?"

"पाऊण तास लागतो. आज दम लागत होता, थांबत थांबत म्हटलं. मग चार चमचे पाणी पाजलं. मग ते झोपले, आणि मला ते पट्टे परत बसवता येईनात. तास, सव्वा तास झाला असेल. हाक मारायला आले होते मी, पण तिकडे तुमचे सगळ्यांचे हात रक्ताने भरलेले." तिने पदर तोंडाशी नेला. "मी मारलं का त्यांना?"

सिस्टरने तो प्रश्न ऐकलाच नाही. "म्हणताना चुकले का कुठे?"

"काय?"

"नेम म्हणताना. विसरले, मागचंपुढचं झालं, असं काही?"

"एक अक्षर नाही," बायको म्हणाली, आणि एवढ्या सगळ्यात तिच्या आवाजात थोडा ताठा आला. "ते कधीच चुकत नाहीत."

सिस्टरच्या डोक्यात आकडे भराभर जागेवर बसले. सकाळी आठला ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, त्याने अकराला बायकोला ओळखलं, घड्याळ वाचलं आणि पाऊण तासाचं म्हणणं एक अक्षर न चुकता म्हटलं. म्हणजे मास्कने काम केलं होतं. गुंगी उतरली होती. साडेबाराच्या रक्ताने मास्कचा उपयोग मोजलाच नव्हता. त्याने मास्क नसलेला सव्वा तास मोजला होता. आणि त्या आकड्यावर आता हा माणूस जाणार होता.

"त्यांना सांगू नका हो," बायको म्हणाली. "ही मुलं मला उभी जाळतील."

सिस्टरला तर आधी स्वतःचं दिसत होतं: चार्टवरची दोन घरं, स्वच्छ अक्षर, खाली स्वतःची सही. हे सांगायचं म्हणजे तेही सांगायचं. अठरा वर्षं. एकही मेमो नाही.

परत येताना तिने मनाशी एक मधली वाट काढली. "सर, मला वाटतं मास्क गळत होता. नीट बसवून अजून दोन तास देऊन बघू या का?"

"गळत होता तर चार्टवर का नाही?" डॉक्टरांचा दिवस सकाळपासून नऊ नंबरने खाल्ला होता, त्यांच्या आवाजात दया उरली नव्हती. "चार्टवर सगळं उत्तम दिसतंय. श्वास पंचवीस, ऑक्सिजन एक्क्याण्णव, सलग. एवढं उत्तम चालू असून आकडा चढला म्हणून तर मी थांबवतोय. अजून दोन तास छळून काय मिळणार?"

म्हणजे तिनेच लिहिलेली दोन घरं त्या माणसाच्या छातीवर बसली होती. ती खोटं बोलली असती आणि तो वाचला असता, तर एक वेळ चाललं असतं. पण तिचं खोटं त्याला वाचवत नव्हतं, मारत होतं.

"तो चार्ट खोटा आहे," सिस्टर म्हणाली.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेही मान वळवली.

"अकरा आणि बाराची घरं मी न बघता भरली. मी नऊ नंबरवर होते. तेवढ्यात सव्वा तास मास्क निघालेला होता. रक्त घेण्याआधी जेमतेम वीस मिनिटं परत लागला."

मुलाने खिशातून फोन काढून तिच्या तोंडासमोर धरला. "पुन्हा बोला. जोरात बोला. ताई, ऐकलंस? आम्ही सकाळपासून काय म्हणतोय!"

सिस्टर पुन्हा बोलली. जोरात. शब्दाला शब्द तेच.

"निघालेला होता म्हणजे?" लेक पुढे आली. "आपोआप? मास्कला पाय फुटले? कोणी काढला?"

"ड्यूटीवर मी होते," सिस्टर म्हणाली. "जबाबदारी माझी."

"मी काढला." बायकोचा आवाज एवढा बारीक होता की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही तो कुठून आला. "ते जागे झाले. त्यांनी नेमासाठी काढायला सांगितला. मी काढला."

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. लेकीने तिच्या आईबापापासून तिच्या पायगुणापर्यंत सगळं काढलं. मुलगा म्हणाला, घरी आलीस तर उंबरठ्यावर बघतो. बायको ऐकत उभी राहिली, फक्त एका हाताने खाटेची कड घट्ट धरून.

"बास!" डॉक्टर म्हणाले. ते पुढे झाले आणि बायकोला उलटतपासणीसारखं विचारू लागले. किती वाजता? डोळे कोणी उघडले, त्यांनी की तुम्ही हलवलंत? तुम्हाला ओळखलं हे कशावरून? नेम किती मोठा? चुकले? घोट नीट गिळला की ठसका लागला? ती एकेकाचं उत्तर देत गेली. डॉक्टरांनी आजोबांची पापणी वर करून पाहिली, श्वास मोजले, मशीनचा आत लोटणारा दाब दोन अंकांनी वाढवला.

"पुन्हा दोन तास. मग रक्त," ते म्हणाले. आणि सिस्टरकडे वळले. "तुमच्याबद्दल मी लिहिणार आहे. आजच."

"लिहा, सर."

"आणि या सिस्टरबाईने माझ्या वडिलांना हात लावायचा नाही," मुलगा म्हणाला. "बोटसुद्धा."

"नाही लावणार," डॉक्टर म्हणाले. "पण दुसरी सिस्टर नऊ नंबरवर आहे. मास्क तिरका आहे, आत्ता नीट बसायला हवा. तुम्ही बसवा." आणि ते निघून गेले.

मुलाने मास्क सोडवून हातात घेतला. छापखान्यातले दणकट हात, पण पट्टे त्याला सापडेनात. त्याने एक बाजू खेचली तर दुसरी डोळ्यावर चढली. हवा फसफसत आजोबांच्या पापण्यांवर यायला लागली. त्याने आणखी घट्ट ओढलं. फसफस आणखी वाढली.

सिस्टर पायथ्याशी उभी होती, हात पाठीमागे बांधून. "घट्ट करू नका. घट्ट केलं की जास्त गळतो."

"मला शिकवू नका."

"मग कोणाला शिकवू? एकट्याने बसत नाही तो. त्या बाजूला माणूस हवा."

लेक दोन पावलं मागे सरकली होती. बापाचा असा उघडा, डोळे मिटलेला चेहरा तिला बघवत नव्हता. राहिली बायको. ती न विचारता दुसऱ्या बाजूला गेली आणि पट्टा हातात घेतला. मुलगा काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात मशीन ओरडलं.

"आधी नाकावरची पट्टी. काकू, सरळ. हं. आता मास्क हनुवटीकडून वर. दोघांनी एकदम, एकाने आधी नाही. दादा, तुम्ही ओढताय, त्या ढील देतायत. तुमचं भांडण त्यांच्या तोंडावर नको. सारखं. एक बोट आत जायला हवं. घालून बघा."

मुलाने दात खात बोट घालून पाहिलं. बायकोने तिच्या बाजूने पाहिलं. फसफस थांबली. पडद्यावरचा गळतीचा आकडा खाली आला. दोघंही एकमेकांकडे न बघता हात काढून उभे राहिले.

"डाव्या पट्ट्याचं टोक बाहेर सोडा," सिस्टर म्हणाली. "उलटी झाली तर एका झटक्यात काढता यायला हवा. आणि तेव्हा कोणाची परवानगी विचारायची नाही."

साडेतीनला रक्त घेतलं. चौऱ्याहत्तर. आजोबांनी डोळे उघडले, हाताने विचारलं, किती वाजले. कुणीच पटकन सांगितलं नाही, म्हणून त्यांनी कपाळाला आठी घातली.

डॉक्टरांनी पुढची आखणी लिहायला घेतली. रात्री मास्क पूर्ण वेळ. दिवसा दोन तास चालू, मग सुट्टी. ती सुट्टी अकरा ते पावणेबारा अशीच पडेल असं बघायचं. गिळणं नीट राहिलं तर पातळ जेवण. चार दिवसांत सुधारलं तर घरी मशीन. "घरी मास्क कोण बसवणार?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मी," बायको म्हणाली.

"आमचा विश्वास नाही," लेक म्हणाली.

"मग दोघींपैकी एकीने किंवा तिघांनी शिकून घ्या. मला नाव हवंय. भांडण तुमचं तुम्ही घरी नेऊन मांडा." डॉक्टरांनी बायकोचं नाव लिहिलं, आणि क्षणभर थांबून मुलाचंही लिहिलं. दोघांनाही ते आवडलं नाही.

चारला सिस्टरने चार्टवर अकरा आणि बाराची घरं एका सरळ रेघेने खोडली, बाजूला वेळ टाकून सही केली. मग चारच्या घराशी आली. पडद्यासमोर उभी राहिली. घड्याळाचा सेकंदकाटा पुरा एक फेरा फिरेपर्यंत आजोबांच्या छातीचे श्वास मोजले. श्वास बावीस. ऑक्सिजन नव्वद. दीड वाजल्यापासून मास्क चालू. मास्क बसवणार: मुलगा व पत्नी. सिस्टरने हात लावण्यास नातेवाइकांची मनाई.

मुलगा तिच्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा श्वास तिच्या कानाशी लागत होता.

"हे कशाला लिहिलंत?"

"झालं ते लिहिलं."

त्याने पुन्हा वाचलं. पकडण्यासारखं काही सापडेना, म्हणून त्याचा पारा आणखी चढला. त्याने कोऱ्या घरावर बोट आपटलं. "आणि पाचचं?"

"पाच वाजल्यावर," सिस्टर म्हणाली, आणि पेनला टोपण लावलं.